वाटेत सोडलेली तिरडी

त्या प्रकरणाचा विषय निघाला की माझ्या कपाळावर आजही आठ्या पडतात. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, कोणाच्या अंगाला साधं खरचटलंही नव्हतं. तरीही माझ्या नोकरीत मला इतकं भंडावून सोडणारा दुसरा तपास झाला नाही.

मी पोलीस शिपाई म्हणून भरती झालो आणि उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. आता जव्हारच्या कॉलेजात बी.ए. करतोय. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मीच पहिला. आजवर मी लिहिलं ते जबाब आणि पंचनामे. त्यामुळे गोष्ट सांगायला जमेल की नाही, याची मला खात्री नाही. घडलं तसं सांगतो. नावं कोणाचीच घेत नाही.

तेव्हा मी मोखाड्याच्या बाजूला नेमणुकीवर होतो. उन्हाळ्यात मुंबईहून एक सिनेमाची मंडळी आली. जव्हारच्या एका लॉजवर उतरली होती आणि पोशेऱ्याकडच्या रस्त्यावर शूटिंग करत होती. परवानगीचे कागद दाखवायला दिग्दर्शक ठाण्यात आला. तिशीतला मुलगा, कडक उन्हात काळा शर्ट घातलेला.

"काय सिनेमा आहे?" मी विचारलं.

"निओ-न्वार थ्रिलर, सर."

"म्हणजे?"

तो जरा अडखळला. "म्हणजे यात सगळं अंधारं असतं. रस्ते ओले, माणसं संशयास्पद. चांगलं असं कोणीच नसतं."

"पोलीस?"

"पोलीस तर अजिबातच नाही, सर."

आमचा ठाणे अंमलदार हसून हसून लाल झाला. मी कागदांवर पोच दिली.

रस्ता ओला दिसावा म्हणून ही मंडळी टँकर मागवून डांबरावर पाणी ओतत होती. आमच्या भागात त्या दिवसांत बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत असतात. पहिल्याच दिवशी भांडण पेटलं. त्यात पुढे होता पाड्यावरचा एक तरुण शेतकरी. सिनेमावाल्यांनी त्यालाच जनरेटरवर राखणदार म्हणून ठेवलं होतं. तोच त्यांच्या प्रॉडक्शन मॅनेजरला सगळ्यांसमोर म्हणाला, "माझी बाय पोटुशी हाय, ती डोंगराखालून पानी आनते, आन तुमी रस्त्याला आंघोळ घालता?" मॅनेजरने त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. संध्याकाळपर्यंत दोघं एकत्र चहा पीत होते, असंही लोक सांगत. मी नोंद घेतली आणि विसरलो.

त्यानंतर काही दिवसांनी त्या शेतकऱ्याची बायको ठाण्यात आली. दिवस भरत आलेले. नवरा शूटिंगला गेला तो घरी आला नाही, म्हणाली. आम्ही मनुष्य मिसिंग, म्हणजे माणूस हरवल्याची तक्रार, दाखल केली. वर्णन, कपडे, शेवटचं कुठे पाहिलं, सगळं विचारून लिहून घेतलं. ती रडत नव्हती. मला ते खटकलं होतं. लिहून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "सायेब, त्या सिनेमावाल्यांना हितं आना. सगल्यांना. एकाला आनून भागायचं नाय."

त्याच दुपारी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "लॉजच्या मागं सिनेमाचा टेम्पो हाय. त्यात ताडपत्रीखाली बघा." फोन बंद.

आम्ही गेलो. ताडपत्रीखाली बांबूची तिरडी होती. ताजी बांधलेली, वर पांढरी चादर, सुकलेली झेंडूची फुलं. चादरीवर लाल डाग. आता सांगा, बेपत्ता माणसाचं मॅनेजरशी भांडण झालेलं आणि त्या मॅनेजरच्या टेम्पोत रक्ताळलेली तिरडी. कोणत्याही पोलिसाच्या डोक्यात जे येईल तेच माझ्याही आलं. डाग रंगाचे आहेत हे वासावरून लगेच कळलं, तरी दोन पंच बोलावून पंचनामा केला आणि दिग्दर्शक नि मॅनेजर, दोघांनाही चौकशीसाठी ठाण्यात आणलं.

गुन्हेगार खोटं बोलतो ते स्वतःला वाचवण्यासाठी. ते मला समजतं. ही माणसं का खोटं बोलत होती, तेच कळेना.

"त्या माणसाने त्या दिवशी काय काम केलं?"

"वॉचमनचं," मॅनेजर म्हणाला.

"तिरडीवर कोण होतं?"

मॅनेजरने दिग्दर्शकाकडे पाहिलं. दिग्दर्शकाने छताकडे.

"सर, ते मी सांगू शकत नाही."

"का?"

"क्लायमॅक्स आहे."

मला वाटलं, हा चेष्टा करतोय. पण त्याच्या कपाळाला घाम होता. "सर, अख्खा सिनेमा यावर उभा आहे की मेलं कोण. आम्ही युनिटमध्येही कोणाला सांगितलं नाही. सगळ्यांकडून सही घेतली आहे. तुमच्या ठाण्यात एवढे लोक आहेत, उद्या बाहेर आलं तर आमची दोन वर्षं गेली."

"अहो, इथे एक बाई बाळंतपणाला आली आहे आणि तिचा नवरा सापडत नाही!"

"ते मला फार वाईट वाटतंय, सर. पण तुम्ही आधी शपथ घ्या, कोणाला सांगणार नाही."

पोलिसाकडे शपथ मागणारा संशयित मी पहिल्यांदाच पाहिला. मी टेबलावर हात आपटला. अंमलदार बाहेर जाऊन हसून आला. शेवटी मी मॅनेजरला बाहेर पाठवलं, दार लावून घेतलं आणि म्हटलं, "हं, घेतली शपथ. बोल."

मग तो कुजबुजत बोलला. सिनेमात प्रेत कोणाचं ते मी आजही सांगत नाही, शपथ ती शपथ. पण तिरडीवर झोपवला होता तो आमचा बेपत्ता माणूसच.

"गवताचा भारा ठेवायचा की चादरीखाली!"

"नाही चालत, सर. खऱ्या माणसाचं वजन आलं की उचलणाऱ्याचे खांदे वेगळे वाकतात. प्रेक्षकाला कळतं."

"आणि शॉट झाल्यावर तो कुठे गेला?"

"लंचला गेला असेल."

"पाहिलंस?"

"उजेड चालला होता, सर. आम्ही पुढच्या लोकेशनला पळालो."

मी त्याला त्या दिवशीचं चित्रीकरण दाखवायला सांगितलं. त्याने लॅपटॉप उघडला. उतारावरून तिरडी येते. पुढच्या बाजूला सिनेमाचा हिरो आणि त्याच्या जोडीला मॅनेजर, कारण दुसरा नट त्या दिवशी आलाच नव्हता. मागे पाड्यातले दोघे. ओढ्याजवळच्या मोहाच्या झाडापाशी आल्यावर दिग्दर्शकाचा आवाज येतो, "कट!" आणि त्याने लॅपटॉप बंद करायला हात पुढे केला.

"थांब. पुढे चालू दे."

"पुढे काही नाही, सर. कॅमेरा बंद करायचा राहिला होता, एवढंच."

मला नेमकं तेच पाहायचं होतं. चारही जण तिरडी खाली ठेवतात. आमचा माणूस चादर बाजूला करून उठून बसतो, हसतो, विडी मागतो. हिरो मोबाईल काढून निघून जातो. मॅनेजर जनरेटरकडे धावतो. पाड्यातले दोघे मात्र विडी देत नाहीत. एक जण कॅमेऱ्याच्या दिशेने येऊन म्हणतो, "ओ दादा, परत न्यायचा हाय ना? बोलल्याप्रमानं?" दिग्दर्शकाचा आवाज येतो, "हो हो, नंतर." दोघे थोडा वेळ उभे राहतात. मग उठून बसलेल्या माणसाकडे न बघता पाड्याच्या वाटेला लागतात. तो त्यांना हाक मारतो. ते वळत नाहीत. त्याचं हसू हळूहळू जातं.

मी स्वतः याच डोंगरातला. तरी माझं बालपण आश्रमशाळेत आणि तरुणपण पोलीस लाइनीत गेलं. काहीतरी कळल्यासारखं वाटलं, पण नीट कळेना. "परत न्यायचा म्हणजे काय बोललास त्यांना?" मी विचारलं.

दिग्दर्शक म्हणाला, "ते म्हणत होते, त्याच्या घरापासून उचललाय, तर परत घरापर्यंत आणून ठेवायचा. मला वाटलं, त्यांना अजून एक सीन हवाय, सर. मी हो म्हटलं. मग उजेड गेला, म्हणून ड्रॉप केला."

मी पाड्याच्या पोलीस पाटलाला बोलावलं. वयस्क माणूस, माझ्या वडिलांच्या ओळखीचा. तो बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला.

"काका, तो जिवंत आहे ना?"

"जित्ता हाय की. त्याला काय झालंय?"

"कुठे आहे?"

"जिथं ठेवला तिथंच."

ओढ्याकाठी, त्या मोहाच्या झाडाजवळ, कोणाची तरी शेतावरची खोपी होती. तो तिथे राहत होता. सगळ्या पाड्याला माहीत होतं; टेम्पोचा तो फोनही तिथूनच आलेला असणार. त्याची बायको रोज नागलीची भाकर पाठवत होती. मिसिंग दाखल करणारी बायको!

"आमच्यात असं हाय," पाटील हळू बोलला. "घरातून तिरडीवर उचलला, वाटेत सोडला, तर तो धड गेलेला नाय आन धड आलेला नाय. उचलनाऱ्या चौघांनीच त्याला परत आनून अंगनात ठेवायचा. मंग तो घरात शिरतो. आमचे दोघं कवाचे तयार हायेत. पुढचे दोघं कुठं?"

"मग तो स्वतःच्या पायांनी घरी का येत नाही?"

"घरात पोटुशी बाय हाय, सायेब." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ठाण्यातला सगळ्यात मठ्ठ माणूस मीच. "पयलं पोर दोगांचं पोटातच गेलंय. येईल का तो?"

मी सरळ तिच्या घरी गेलो. राग आलाच होता. खोटी तक्रार देणं गुन्हा आहे, हे मी तिला मोठ्याने समजावलं. ती ओटीवर भिंतीला टेकून बसली होती, पाय सुजलेले.

"नवरा कुठे आहे ते ठाऊक असताना हरवला म्हणून का सांगितलंस?"

"मंग काय सांगायचं होतं?"

"खरं ते."

"खरं लिवून घेतलं असतं का तुमी?"

अंमलदाराने हे ऐकून काय केलं असतं ते मला माहीत होतं. हसला असता. मीही कदाचित.

"मी आधी लॉजवर गेली," ती म्हणाली. "त्यांनी मला आत घेतलं नाय. म्हनून तुमच्याकडं आली. तुमी बोलावलं तर ते येतात."

आता माझ्याकडे दोन वाटा होत्या. खोपीवर शिपाई पाठवायचा, त्याला ठाण्यात हजर करायचा, जबाब घ्यायचा आणि मिसिंग बंद करायची. नियमाप्रमाणे तेवढंच काम होतं. पण मग तो जबाब देऊन पुन्हा खोपीतच गेला असता, आणि ती बाई एकटी बाळंत झाली असती.

मॅनेजर समोरच होता. हिरो मात्र मुंबईला निघून गेला होता. मी फोन केला तर त्याचा माणूस म्हणाला, सर जिममध्ये आहेत. पुन्हा केला तर डबिंगमध्ये. शेवटी मी म्हटलं, "एका माणसाच्या बेपत्ता होण्याच्या चौकशीत तुमच्या सरांचा जबाब घ्यायचा आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. हिरो काळा चष्मा लावून उतरला आणि पहिलं वाक्य बोलला, "सर, याची बातमी नाही ना होणार?" मी त्याला काय करायचं ते सांगितलं. तो खोखो हसला. मग माझा चेहरा बघून थांबला.

मुद्देमालातली तिरडीच सोडवून आणली, त्याची वेगळी लिखापढी करावी लागली. ओढ्यापाशी गेलो. आमचा बेपत्ता माणूस खोपीतून बाहेर आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मी त्याला रागावणार होतो, जमलं नाही. तो मॅनेजरला म्हणाला, "आलास का, भावा? लय उशीर केला." मॅनेजरने मान खाली घातली.

तेवढ्यात दिग्दर्शक माझ्या कानाशी आला. डोळे चमकत होते. "सर, हे फार जबरदस्त आहे. परतीची तिरडी! मी फक्त एक कॅमेरा लांबून लावतो. कोणाला कळणारही नाही."

मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला. त्या माणसाची बायको सगळ्यांनी नको म्हटलं तरी काठी टेकत उतारापर्यंत आली होती.

"लावा की," ती म्हणाली. "मंग हे बी खोटंच होईल. परत पयल्यापासून करा."

दिग्दर्शकाने कॅमेऱ्याची पेटी स्वतः उचलून गाडीत ठेवली.

तिचा नवरा तिरडीवर आडवा झाला. चौघांनी उचललं, त्याच जागी तेच चौघे. चढ होता. हिरो धापा टाकत होता, एकदा पाय घसरला तेव्हा मागचा एक जण ओरडला, "ए, नीट धर! या खेपेला टाकू नको!" सगळे हसले, तिरडीवरचासुद्धा. अंगणात आणून त्याला ठेवलं. बायकोने पायांवर पाणी ओतलं आणि त्याला उठायला हात दिला. खरं तर आधाराची गरज तिला होती. तो उठला आणि तिलाच धरून घरात गेला. दार लोटलं गेलं. आम्ही सगळे अंगणात उभे. काय करावं कोणालाच सुचेना.

पुढच्या आठवड्यात तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या.

सिनेमा मग मोबाईलवर आला. मी पाहिला. रस्ते ओले होते, पोलीस वाईट होते. तिरडीचं दृश्य पापणी लवेपर्यंत संपतं. तिरडीवरचा माणूस चादरीत पूर्ण झाकलेला आहे, आणि उचलणाऱ्यांचे खांदे दाखवलेलेच नाहीत. मी तीनदा मागे नेऊन पाहिलं. मोबाईल बाजूला ठेवला आणि बायकोला म्हटलं, चहा कर.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, हे नीट मांडायला मला बराच काळ लागला. लोक ठाण्यात येतात तेव्हा आम्ही विचारतो, काय झालं, कधी झालं, कोणी केलं. सगळं लिहून घेतो. ती बाई मात्र काय झालं ते सांगायला आलीच नव्हती. काय व्हायला हवं आहे, ते सांगायला आली होती, आणि ते तिने पहिल्याच दिवशी सांगितलंही. मी ते तक्रारीचा भाग धरलं नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, तक्रार लिहून झाली की मी पेन खाली ठेवून समोरच्याला विचारायचो, "आता काय झालं म्हणजे तुम्ही घरी जाल?" कित्येक जण हा प्रश्न मला पुन्हा विचारायला लावत. काही रडत. आणि काही जण खुर्ची पुढे ओढून घेत आणि मग खरं बोलायला लागत.