दोन साहेबांचे हार

दोन सरकारांत मी एकदा कळ लावली, तीही गुलाबाच्या फुलांनी. वय दहा, अक्कल मात्र दुधाच्या दातांसोबत पडून गेलेली.

वऱ्हाडची मालकी निजामाची, कारभार नागपुरातून इंग्रजांचा. म्हणून अमरावतीत समारंभ असला की दोन्हीकडचे साहेब येत, आणि हार आमच्या मळ्यातून जात. बाबा सुतळीनं मापून दोन्ही हार अगदी सारखे ओवत. बोटभर फरक पडला तरी एका सरकारचा अपमान.

माझी ताई पैनगंगेपलीकडे, मोगलाईत म्हणजे निजामाच्या मुलखात दिलेली. पहिलटकरीण होती, सातवा महिना सरलेला. त्या उन्हाळ्यात पटकीची साथ, त्यामुळे परवान्याशिवाय नदीवरच्या नाक्यावरून बैलगाडी सोडत नव्हते. कचेरीतल्या हेडकारकुनानं बाबांना परवान्याचा शब्द दिला होता, "एवढा समारंभ होऊ दे, मंग घेऊन ये पोरीले."

मला वाटलं, मोगलाईचा साहेब म्हणजे ताईच्या सासूचाही साहेब. तो खूश झाला की ताईला आमच्या दारात आणून सोडेल. बाबा आंघोळीला गेले नि मी त्याच्या हारात गुलाबांची आणखी एक लड जोडली. केवढी मी मुत्सद्दी!

मंडपात निजामाच्या साहेबाचा हार गुडघ्याला टेकला, गोऱ्याचा पोटावरच थांबला. गोऱ्यानं नुसतं खाली पाहिलं. हेडकारकून बाबांवर धावून गेला, "काहून बे माळ्या, मोगलाईत नोकरी पायजे काय तुले?" बाबांनी माझं नाव घेतलं नाही. परवाना काही मिळाला नाही.

दोघे साहेब संध्याकाळी एकाच टेबलावर चहा प्यायले म्हणे. ताई तिकडेच राहिली. दोन महिन्यांनी निरोप आला, बाळंतपणात ताई नि बाळ दोघंही गेली.

मी अन्न सोडलं असं सांगायला आवडलं असतं. पण मी जेवत होते, चुलीमागे लपून, आणि आईसमोर उपाशी असल्याचं सोंग करत होते. तेराव्यानंतर मात्र राहवेना. झेंडू तोडता तोडता बाबांना सगळं सांगून टाकलं.  ते माझ्याकडे न बघता म्हणाले,

"मले त्याच दिशी समजलं होतं वं पोरी. हाराचं काय घेऊन बसली! उन्हाळ्यात पैनगंगेले ढोपरभर पानी रायते. मी कागदाची वाट पाहून रायलो. सरळ नदीत उतरून तिले खांद्यावर आनाले पायजे होतं म्या."