शेवटच्या शिट्टीपर्यंत सात

कांदिवलीच्या गावठाण स्पोर्टिंग फुटबॉल क्लबचा दत्ताराम म्हणजे गोलकीपर, कॅप्टन, आणि मॅचच्या आदल्या दिवशी नळावर जर्श्या धुणारा पण तोच. संपात मिलची नोकरी गेली, पण क्लब त्याने जाऊ दिला नाही.

त्याचं एक गणित होतं. टीममध्ये निम्मे चाळीतले कोकणी, निम्मे गावठाणातले ख्रिश्चन. गणपतीला हे गावी गेले की ते खेळतील, नाताळात ते अडकले की हे. क्लब कधी रिकामा पडणार नाही. या गणितावर स्वारी जाम खूश असायची.

आणि शहाऐंशी साली मॅच पडली नेमकी अशा रविवारी, की गणपती पण चालू आणि बांद्र्याला मोत माउलीची, म्हणजे माउंट मेरीची, जत्रा पण चालू. वाट लागली. आधी एकदा टेम्पो बंद पडून मॅच सोडलेली. आता दुसऱ्यांदा सोडली की क्लब लीगमधून बाहेर. नियम सरळ होता, मैदानात शेवटपर्यंत निदान सात जण पाहिजेत. सहा झाले की खेळ खलास.

दत्ताराम स्वतः आयुष्यात पहिल्यांदा गावी गेला नाही. धाकट्या भावाला म्हणाला, "आरती तू कर." आईने त्याच्याशी बोलणं टाकलं.

तरी मैदानात मोजले तर सहाच. समोरच्या टीममधला एकजण ओरडला, "काका, कॅरम आणू काय?"

रेफ्री शिट्टी तोंडात धरून उभा, आणि तेवढ्यात कॉस्मस आला. क्लबचा जुना बॅक, दत्तारामचा जुना दोस्त. लंगडत.

"गुडघा कसा आहे रे?"

"बायको मेणाचा पाय घेऊन माउलीकडे नवस बोलायला गेली. खरा पाय मी इथे आणलाय. आता बोलू नको."

खेळ सुरू झाला. गोल होत होते, दत्ताराम ते मोजतच नव्हता. तो फक्त माणसं मोजत होता. कोणी पडलं की थांबायचा. उठलं की परत मोजायचा.

शेवटी शेवटी कॉस्मस पडला. उठलाच नाही.

रेफ्री म्हणाला, "याला बाहेर घ्या."

"साहेब, बाहेर गेला तर आम्ही सहा."

"माहितीये मला. पण उभा नाही राहिला तर मी खेळ थांबवणार."

दत्ताराम खाली वाकला. "मेल्या, ऊठ. धावू नको. नुसता उभा राहा."

त्याने कॉस्मसला ओढत गोलपोस्टपाशी नेलं. कॉस्मसने पोस्टला मिठी मारली, एका पायावर, डोळे मिटून. एक बॉल त्याच्या कानाजवळून जाळीत गेला. तो हलला नाही. बॉल आणायला दत्ताराम इतका सावकाश गेला, जणू चिखलातून गुरं हाकतोय.

रेफ्रीने घड्याळ बघितलं. परत बघितलं. मग शिट्टी वाजली.

"सोड आता," दत्ताराम म्हणाला.

"झालं?"

"झालं. राहिलो लीगमध्ये."

पण कॉस्मसची बोटं सुटेनात. दत्तारामने एकेक करून सोडवली, त्याला पाठीवर घेतलं आणि रस्त्याकडे चालू लागला.

"बायको विचारेल ना, पायाचं काय केलंस म्हणून," कॉस्मस पाठीवरून म्हणाला.

"सांग, उभा होता."