गाठीभोवतीचं वर्तुळ

‘शरीरातली प्रत्येक पेशी एका अदृश्य आज्ञेनं वाटचाल करते,’ असं नागपुरातल्या त्या कॅन्सर विभागाच्या भिंतीवर लिहिलं होतं. त्याच भिंतीवरचा पंखा मात्र कुणाच्याच आज्ञेत नव्हता.

माझ्या शेजारी कोराडीचा एक ट्रकवाला बसला होता. त्याच्या मानेवर गाठ होती आणि गाठीभोवती बॉलपेननं काढलेलं वर्तुळ. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, की पेशीच्या आतली प्रथिनं निरोप देतात, निरोप सांगेल तिकडे पेशी सरकते आणि कॅन्सर असाच पसरतो. तेव्हापासून तो सारखा बायकोपुढे मान वाकवायचा.

“पाह्य वं, गोलाच्या बाहेर आली का?”

“नाही आली. तुमीच खुर्चीच्या बाहेर येऊन राहिले.”

ती हसली, पण बोटानं वर्तुळाची कड पुन्हा तपासली.

“पेशी अशा डोळ्यांना दिसत नाहीत हो,” मी म्हणालो.

“मालूम आहे, भाऊ. पण पाहाले काही तं पाहिजे ना?”

सोनोग्राफीत वर्तुळ पुसलं गेलं. बाहेर येताच त्यानं माझा पेन मागितला. माझाही रिपोर्ट यायचा होता. मी आधी स्वतःची मान चाचपली, मग पेन दिला.

सोनोग्राफीच्या जेलनं त्याची कातडी बुळबुळीत झाली होती. पेन उमटला नाही.