कानबाईचं वेगळं ताट

"सर, माझ्या आयुष्यात काही घडलंच नाही हो," असं म्हणून वैष्णवी माझ्यासमोर मुसमुसायला लागली. अर्ज पाठवायचा शेवटचा दिवस परवावर आलेला.

मी अमळनेरला कॉलेजात मराठी शिकवायचो. रिटायर झाल्यावर पोरांना एसओपी लिहायला मदत करतो. एसओपी म्हणजे, मी कोण आणि मला तुमच्याकडेच का शिकायचंय, हे दीड पानात सांगायचं. वैष्णवीला बंगळुरूच्या एका कॉलेजात शिकायचं होतं. स्कॉलरशिप मिळाली तरच जाणं, नाहीतर इथेच बीए.

तिचा ड्राफ्ट वाचून मी कपाळाला हात लावला. पहिल्याच ओळीत 'नेतृत्वगुण'!

"हे कोणी लिहिलं?"

"मोबाईलनं."

"मग बंगळुरूला त्यालाच पाठवू. तू थांब घरी."

ती हसली नाही. मग मी माझा नेहमीचा प्रश्न टाकला. "भरल्या घरात तुला एकटं कधी वाटतं?"

ती म्हणाली, "कानबाईला."

श्रावणात आमच्या खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते. तिचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्या, त्या कुळाच्या भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला घासही नाही. वैष्णवी लहान असताना आई वारली, वडिलांनी दुसरं लग्न केलं, ही मामाकडे वाढली. वर्षभर मामाची लाडकी. त्या दिवशी मात्र बठ्ठं, म्हणजे अख्खं घर रोटाच्या पंगतीला आणि हिचं ताट वेगळं, खिडकीशी. आडनाव वेगळं ना!

"हेच लिही."

"नाही सर. मामींनी मला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. त्यांना काय वाटेल?"

"मग आधी त्यांनाच वाचून दाखव. त्या नको म्हणाल्या तर फाडून टाक."

दुसऱ्या दिवशी मामी तिच्याबरोबर आल्या. डोळे सुजलेले. म्हटलं, आता आपली काही खैर नाही.

"सर, पोरले वाईट वाटे, हाई आमना ध्यानमाच उनं नही," मामी म्हणाल्या. पदरानं नाक पुसलं. "धाडी द्या."

स्कॉलरशिप मिळाली. जुलैत वैष्णवी गेलीसुद्धा.

कानबाईच्या दिवशी दुपारी मामी माझ्या दारात. हातात झाकलेलं ताट. गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर, साध्या पोळ्या.

"सवय शे ना सर. वेगळं ताट वाढाई गयं. तुम्हीबी एकलाच शेतस, म्हनीसन हाई ताट लई उनू."

बायको गेल्यापासून माझ्याकडे कानबाई बसत नाही. मुलगा कॅनडात. रोट खायला भाऊबंद तर हवेत.

वैष्णवीला फोन लावला. उचलला नाही, वर्गात असेल. मग मीच खिडकीशी बसलो. खीर चांगली झाली होती, पण तसं म्हणायला समोर कोणी नव्हतं.

पोरांना अजून तोच प्रश्न विचारतो. फक्त उत्तर आलं की लगेच "हेच लिही" म्हणत नाही. आधी पोराला जेवून जा म्हणतो.