दहा हजार किलोमीटर आणि एक कोरडं आळं

मेलबर्नहून विमान उठलं आणि समोरच्या पडद्यावर आकडे उमटले: दिल्ली, दहा हजार दोनशे किलोमीटर, साडेबारा तास. मला मात्र नागपूरपलीकडच्या सौंसरजवळची आमची संत्र्याची चारशे झाडं दिसत होती, तहानलेली. आंबिया, म्हणजे वसंतातल्या, बहारासाठी बाबांनी डिसेंबरातच त्यांना ताण दिला होता (पाणी तोडायचं, पानं मलूल झाली की पुन्हा सोडायचं, मग कळी धरते). सहा वर्षांनी मी येणार, म्हणून पहिलं पाणी माझ्या हातून सोडायचं ठरलं होतं. "पण लय थांबलो तं झाडं वाळतीन," हेही त्यांनी फोनवर बजावलं होतं.

आम्ही सूर्यामागे पळत होतो, त्यामुळे दुपार संपतच नव्हती. पडद्यावरचं इवलंसं विमान निळ्या समुद्रावरून मुंगीच्या पावलांनी सरकत होतं. मध्येच डोळा लागला, तर ढगांमधून पाण्याचे पाट वाहताना दिसले.

दिल्लीत धुकं भेटलं. सकाळचं नागपूरचं विमान रद्द झालं, आणि रेल्वेत जागा मिळाली ती दुसऱ्या दिवशी दुपारची. मी फोन केला. "बाबा, पाणी सोडून टाका. माझ्यासाठी थांबू नका."

ते म्हणाले, "तू ये तं खरी."

हजारभर किलोमीटरला पंधरा तास खाऊन गाडीनं सकाळी पांढुर्ण्याला उतरवलं. थंडीत तर्री-पोहे (वर झणझणीत रस्सा घातलेले पोहे) खाल्ले, डोळ्यांत पाणी आलं, बरं वाटलं. सौंसरच्या बसमध्ये कापूस वेचायला निघालेल्या एक मावशी शेजारी बसल्या.

"कुठून येऊन राहिली बाई?"

"ऑस्ट्रेलियाहून."

"किती टाइम लागते?"

"दिल्लीपर्यंत साडेबारा तास. तिथून इथे यायला तिसरा दिवस."

"मंग ऑस्ट्रेलिया जवळच हाय की! सौंसरच दूर हाय," म्हणत त्या खळखळून हसल्या.

बागेत पोचले तर ओळीच्या ओळी ओल्या होत्या. पाणी दोन दिवसांपूर्वीच सुटलं होतं. मीच सांगितलं होतं, तरी मन खट्टू झालं.

"रागावली काय?" बाबांनी विचारलं.

"नाही," मी खोटंच म्हणाले.

ते मला विहिरीकडच्या कोपऱ्यात घेऊन गेले. ऑस्ट्रेलियाला जाण्याआधी मी लावलेलं झाड तिथे पानं मुडपून उभं होतं. त्याचं आळं (बुंध्याभोवतीचा पाण्याचा खळगा) कोरडं होतं.

"चारशे झाडाइचा जीव टांगनीले कसा लावू? म्हून एकच ठेवलं. तुह्यं."

मी फावड्यानं पाटाचं तोंड उघडलं. पाणी आळ्यात शिरलं आणि मला रडू कोसळलं.

महिनाभरानं निघाले, तेव्हा सगळी बाग पांढरी होऊन घमघमत होती. माझ्या झाडावर नुसत्या कळ्या होत्या. "दोन दिवस मांगं हाय थे," बाबा म्हणाले. पण माझं तिकीट थांबणारं नव्हतं.

परतीच्या विमानात पुन्हा तेच आकडे. या वेळी ते मला फारसे पटले नाहीत. घरापासून मी किती लांब राहते, ते माझ्या झाडाला विमानापेक्षा बरोबर कळलं होतं: दोन दिवस.

मेलबर्नला उतरून फोन सुरू केला. बाबांनी फोटो पाठवला होता: विहिरीकडचा कोपरा, पांढराशुभ्र. खाली लिहिलं होतं, "पोहोचली काय? हे बी पोहोचलं."