उपणणीचं वारं

तिनं बाटली उलटी धरली. सगळं पाणी डांबरावर.

सायकल शर्यतीचा तिसरा दिवस व्हता. पिंपरी पेंढारचा सरळ रस्ता, ऊन मी म्हणत व्हतं. मी मागं टीमच्या गाडीपर्यंत जाऊन सहा बाटल्या आणल्या व्हत्या. चार पाठीवरच्या खिशांत कोंबलेल्या, दोन पोटाशी. एवढं वझं घेऊन पळत्या घोळक्यातनं वाट काढत पुढं यायचं म्हंजे जीव निघतो. माझी सोताची बाटली कवाच रिकामी झाली व्हती. म्हणून येता येता एकीतनं घोट घेतला. एकच.

रेवानं बघितलं. रेवा म्हंजे आमच्या टीमची कप्तान, पुण्याची.

"तू तोंड लावलंस का याला?"

"एकच घोट घेतला."

आन् ओतलं. वर म्हणाली, "दुसरी दे. आणि तुझी वेगळी ठेवत जा."

कांद्याच्या वावरातनं काही बाया शर्यत बघायला रस्त्याकडंला आल्या व्हत्या. त्यातली एक वरडली, "अगं बये, चांगलं पाणी कशाला गं वततीस?" रेवाला ऐकूच गेलं न्हाई. मला गेलं.

आदल्याच दिवशी हीच रेवा केतकीच्या हातातली अर्धी पिलेली बाटली घटाघटा प्याली व्हती. केतकी तिच्याच शाळेतली, तिच्याच गल्लीतली. मी बाजूलाच व्हते. आता तुमी म्हणाल, ह्यात जात कुठं आली? तिनं काढली न्हाई. काढावी लागत न्हाई. मी आहुप्याची, आदिवासी, हे टीममधी सगळ्यांना ठावं व्हतं. आन् मी काय केलं? दुसरी बाटली दिली. हसले बी. त्या हसण्याची मला अजून चीड येती.

ही शर्यत पाच दिवसांची. रोज नवा रस्ता. पाची दिवसांचा वेळ एकत्र करायचा, जिचा सगळ्यात कमी ती जिंकली. टीममधी आमी सहा जणी, पण जिंकायचं एकीनं. बाकीच्यांनी तिच्यापुढं राहून वारं अंगावर घ्यायचं, पाणी आणायचं, तिचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं. ह्या कामाचा मला कमीपणा कधी वाटला न्हाई. कसब लागतं त्याला. मला ते येत व्हतं, म्हणून तर घेतलं व्हतं. तीन दिवस मी रेवाला वाऱ्याची झुळूक लागू दिली न्हाई. तिसऱ्या दिवसाअखेर ती दुसरी व्हती, पहिलीच्या फक्त अकरा सेकंद मागं. म्हंजे अगदी हातातोंडाशी आलेलं.

मुक्काम ओतूरला व्हता. जेवणाआधी सरांनी, म्हंजे आमच्या कोचनी, भिंतीवर नकाशा लावला. चौथा टप्पा ओतूरवरनं जुन्नर, मग घोडेगाव, मग डिंभे धरणाच्या कडंकडंनं वर, आन् शेवट आहुप्यात. माझ्या गावात! शर्यतीचा निकाल ह्याच दिवशी लागणार, हे सगळ्यांनाच कळत व्हतं. सर म्हणाले, शेवटच्या चढापर्यंत शांत राहायचं, तिथं रेवा सगळ्यांना मागं टाकून सुटेल.

मी हात वर केला.

"सर, चढावर काय होणार न्हाई. चढ संपला की देवराई लागती. झाडीत वारं कळत न्हाई. राई संपली की उघडा सडा हाय, नुसता सपाट कातळ. रस्ता डावीकडं वळतो आन् कोकणातनं वर आलेलं वारं उजव्या अंगानं आदळतं. तवा जी पुढं नसंल ती गेली."

सरांनी मोबाईल बघितला. "उद्या वारा नाहीये. ॲपवर बघ."

"दोन-अडीचला येतं सर. आमच्याकडं भात, नाचणी त्याच वाऱ्यावर उपणत्यात. आय सूप घेऊन खळ्यावर उभी राहती. वारं आलं की वरनं धान्य सोडती, भुसा उडून जातो. तिला घड्याळ लागत न्हाई."

रेवा म्हणाली, "अरे वा! मग उद्या सूप घेऊनच बसूया का सायकलवर?"

सगळ्या हसल्या. सर हसले न्हाईत. ते हसले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तू डोकं चालवू नकोस. तू पाणी आण."

माझ्या गावचं वारं हे लोक मला शिकवत व्हते आन् मी मान डोलावत व्हते. त्या दिवशी मला जेवण गेलं न्हाई. बाटलीपेक्षा हे जास्त लागलं, का कुणास ठाऊक. पाणी ओतलं ते माझं तोंड लागलं म्हणून. हितं तर माझं तोंड उघडलेलंच चालत नव्हतं.

चौथा दिवस. घोडेगाव सोडलं तवा आमी साठ-सत्तर जणी व्हतो. धरणाच्या कडंच्या चढउतारांनी घोळका झिजत गेला. आहुप्याचा चढ संपला तवा पंचवीसएक उरल्या. रेवा मधोमध, निवांत. समोर राई. मी वर बघितलं. शेंड्यांची पानं उलटी होऊन पांढरी दिसत व्हती. खाली मात्र एक पान हलत न्हाई.

मी तिच्याजवळ गेले. हे इमानानं सांगते, कुणाला खोटं वाटलं तरी. म्हणले, "राई संपायच्या आत पुढं ये. माझ्या डाव्या अंगाला राहा. मी वारं घेते."

ती म्हणाली, "तू अजून पाणी आणायला गेली नाहीस?"

तेवढ्यात कानातल्या रेडिओवर सर, "मागे ये. रेवाला पाणी हवंय."

पाय सैल पडले. सवय हो, दुसरं काय. मागं गेले असते तर गाडीपाशी पोचेस्तवर राई संपली असती, आन् माझी शर्यत बी. मी बटण दाबलं.

"सर, न्हाई. मी मागं येत न्हाई."

उभ्या जन्मात मोठ्या माणसाला मी पहिल्यांदा न्हाई म्हणले.

कडंनं निघाले, पुढच्या चौघींना गाठलं. वळण आलं, राई संपली. आन् वारं आलं. सायकल हातभर डावीकडं सरकली. मी उजव्या कडंला गेले, बाकीच्या माझ्या डाव्या अंगाला तिरक्या लागल्या. असल्या वाऱ्यात अशीच रांग करत्यात, एकीच्या आडोशाला दुसरी. रस्ता अरुंद, आडोसा पाच जणींपुरताच. मागच्या डाव्या कडंला लटकल्या आन् एकेक करून सुटल्या. मागं बघितलं तर घोळका उपणलेल्या भुशावानी पांगला व्हता.

"थांब! रेवा मागे राहिलीय. थांब, ऑर्डर आहे!"

मी पायडल मारत राहिले.

"ऐकतेस का? पुन्हा कुठल्या टीममध्ये दिसणार नाहीस!"

कानातलं काढलं न्हाई. सगळं ऐकलं, शेवटच्या रेघेपर्यंत. शिव्या बी ऐकल्या. ऐकत ऐकत पळवली.

तिसरी आले. गावची माणसं वरडत व्हती, पोरं नाचत व्हती. आय गर्दीतनं आली, माझ्या तोंडावरचा घाम पदरानं पुसला आन् म्हणाली, "वारं ठावं असून तिसरी?"

रेवा अडीच मिनिटांनी आली. शर्यत गेली तिची. गाडीच्या पायरीवर बसून रडत व्हती. वाईट वाटलं मला. वाटलं, खोटं कशाला बोलू. लोक म्हणत्यात, तुझ्यामुळं गेली. थोडी गेली बी असंल. पण मी तिला बोलावलं व्हतं.

सरांनी सगळ्यांसमोर कागद पुढं केला. "लिही. मी टीमची ऑर्डर मोडली, माफी मागते. तरच उद्या सुरुवातीच्या रेषेवर उभी राहशील."

केतकी खाली बघत व्हती. पाचवा दिवस माझा व्हता. मी एकूण सातवी व्हते, आमच्या डोंगरातनं इतकं पुढं कुणीच आलं नव्हतं. एक ओळ लिहिली असती तर सगळं राहिलं असतं. सायकल बी, ती टीमचीच. पेन हातात घेतलं.

मी लिहिलं, 'मी काल सांगितलं व्हतं. तुमी ऐकलं न्हाई.' खाली पूर्ण नाव, गावासकट.

सायकल तिथंच लावली आन् घरी चालत गेले.

शर्यतीत परत उतरणार. दुसरी टीम बघीन, दुसरी सायकल बघीन, कितीबी दिवस लागू दे. पाणी आणीन, चाक काढून देईन, वारं अंगावर घेईन, त्यात मला लाज न्हाई. पण पहिल्या दिवशी नकाशा लावला की मी बोलणार, आन् बोलू दिलं न्हाई तर उठून जाणार. ऐकायचं नसंल, तर मला घ्यायचंच न्हाई.