शेवटच्या तीन ओळी

कॉफी उतू गेल्याचा करपट वास आला की शिकागोतलं ते स्वयंपाकघर आठवतं. माझी तुर्की रूममेट कथा लिहायची. त्यातल्या दोन इस्तंबूलच्या एका मासिकात छापूनही आल्या होत्या. प्रत्येक नवी कथा आधी आईला वाचून दाखवायची, हा तिचा नेम. त्या हिवाळ्यात आई तिकडे हॉस्पिटलमध्ये होती आणि व्हिसाच्या भानगडीमुळे हिला जाता येत नव्हतं. म्हणून कॉलिंग कार्ड वापरून तिने फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि वाचू लागली. शेवटच्या पानावर तिचा आवाजच फुटेना. कागद माझ्यापुढे धरून म्हणाली, "तू वाच." लिपी रोमन, त्यामुळे अक्षरं लावता येत होती, अर्थ शून्य. माझे उच्चार ऐकून पलीकडे आई खुदकन हसली, मग रडायला लागली. थांबावं की नाही, मला कळेना. रूममेट हातानेच सांगत होती, वाच. गॅसवर कॉफी उतू जात होती. तीन ओळी राहिल्या आणि कार्डावरची मिनिटं संपली, फोन तुटला. ती बर्फातून धावत जाऊन दुसरं कार्ड घेऊन आली, पण तिकडे कुणी फोन उचलला नाही. आई गेल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. तो कागद तिने कधी परत मागितला नाही. आता मोबाइलचा कॅमेरा नुसता त्या कागदावर धरला तरी त्या ओळी मराठीत दिसतील. पण त्या मला नाही, तिच्या आईला सांगायच्या होत्या.